गरिबी सगळ्यांना सारखी लागत नाही : बेळगाव सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तावीस वर्षं मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. पहिली नेमणूक खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला, शेवटची निपाणी परिसरात. निवृत्त झाल्यापासून लोक घरी येतात ते अर्ज भरून घ्यायला, कुठल्या दाखल्याला काय लागतं ते विचारायला. बसल्या जागी गप्पा निघतात आणि गरिबीबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. विचारणारे कॉलेजातली पोरं, बँकेतून निवृत्त झालेले शेजारी, कधी स्वतः गरीब असलेली माणसंही. दर वेळी तोंडी सांगते तेच इथे लिहून ठेवलं आहे.

गरीब नक्की कोणाला म्हणायचं? बीपीएल कार्ड आहे तो गरीब, असंच ना?

कार्ड ही सरकारी सोय आहे. खरोखर हातावर पोट असलेली, पण कार्ड नसलेली घरं मी पाहिली आहेत. दारात ट्रॅक्टर आणि खिशात बीपीएल कार्ड असलेलीही पाहिली आहेत.

सरकारने वेळोवेळी दारिद्र्यरेषा आखल्या. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साली देशाची ग्रामीण रेषा होती माणशी महिना 816 रुपये, शहरी 1000. म्हणजे खेड्यात दिवसाला सत्तावीस रुपये. अठ्ठावीस खर्च करणारा त्या हिशेबात गरीब नव्हता. पुढे नीती आयोगाने बहुआयामी मोजमाप आणलं. त्यात पोषण, शाळा, सरपण की गॅस, संडास, पाणी, घर, बँक खातं असे 12 निकष आहेत. हे मोजमाप जास्त खरं वाटतं, कारण कमाई तेवढीच असली तरी नळ दारात असणं आणि विहीर अर्ध्या कोसावर असणं यात फार अंतर आहे.

माझं स्वतःचं मोजमाप साधं आहे. उद्या सकाळी या घरावर दहा हजारांचा खर्च आला, तर हे लोक काय करतील? एक घर बँकेतून काढेल. दुसरं मंगळसूत्रातले मणी गहाण ठेवेल. तिसरं घर मुलीला शाळेतून काढून कामाला लावेल. तिघांची महिन्याची कमाई सारखी असू शकते.

एकाच गल्लीत, एकाच कामावर दोन घरं. एक तरतं, एक बुडतं. मग दोष माणसाचाच नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते.

निपाणीकडच्या दोन शेजारणी, दोघीही विड्या वळणाऱ्या, हातही सारखेच चालायचे. एकीला स्वतःचं दोन खोल्यांचं घर, नवऱ्याच्या नावावर वीस गुंठे, भाऊ कोल्हापुरात नोकरीला. दुसरी विधवा, भाड्याच्या खोलीत, पदरी दोन मुली. एका पावसाळ्यात दोघींना टायफॉईड झाला. आजार तोच, डॉक्टर तोच, सलाईनचा खर्चही जवळपास तेवढाच.

पहिलीच्या भावाने पैसे पाठवले. पंधरा दिवस तिचं काम बुडालं, मग ती उठली आणि पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसली. दुसरीने दहा हजार व्याजाने काढले, शेकडा पाच रुपये महिना. म्हणजे महिन्याला पाचशे नुसतं व्याज. दोन वर्षांत तिने बारा हजार व्याज भरलं आणि मुद्दल जिथल्या तिथे. त्या दोन वर्षांत तिने दूध बंद केलं, मोठीला विड्यांना बसवलं. तिसऱ्या वर्षी कोणी पाहुणा आला असता तर त्याला एक नीटनेटकं घर आणि एक कळकट घर दिसलं असतं, आणि तो म्हणाला असता, "ही बाई हुशार, ती बेशिस्त."

दोघींच्या कष्टात फरक नव्हता. फरक पाठीशी काय आहे त्याचा होता. गरिबी म्हणजे नुसता पैसा कमी असणं, हे अर्धंच झालं. धक्का बसल्यावर टेकायला भिंत नसणं, हे उरलेलं अर्धं. आणि भिंत कोणाच्या मागे असते, कोणाच्या नसते, हे जमीन, जात, बाईपण, गावाची जागा यांवर पुष्कळसं जन्माआधीच ठरलेलं असतं.

कष्ट केले की गरिबी जाते. आमच्या आजोबांनी नाही का केलं?

केलं असेल, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण आजोबांची जमीन कशी आली हेही विचारा. हा भाग 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. इथे 1948 चा मुंबईचा कूळकायदा होता, पुढे कर्नाटकात 1974 ची जमीन सुधारणा आली. कूळ म्हणून ज्यांची नोंद होती ते मालक झाले. त्याच शेतात भांगलण करणाऱ्या, गुरं राखणाऱ्या मजुराची कुठेच नोंद नव्हती, तो मजूरच राहिला. दोघांनीही घाम गाळला होता. एकाच्या घामाला उतारा मिळाला, आणि त्याच उताऱ्यावर पुढे सोसायटीचं कर्ज, विहीर, ऊस, मुलाचं इंजिनिअरिंग उभं राहिलं.

आता विडीचं काम बघा. रात्री पानं भिजत घालायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पहाटे उठून पत्रा ठेवून कात्रीने मापात कापायची. मग सुपात तंबाखू घेऊन एकेक विडी वळायची, तोंड दुमडायचं, दोऱ्याने बांधायची. हजार विड्या म्हणजे सरावलेल्या हातालाही सारा दिवस. संध्याकाळी माल नेऊन दिला की तपासणारा छाट काढतो, आणि छाटीतल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. पान खराब मिळालं तरी नुकसान वळणारीचंच. विडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला, 1976 साली कल्याण निधी आला, पण घरी बसून वळणाऱ्या बाईच्या हातात ओळखपत्र नसेल तर मुलांची शिष्यवृत्तीसुद्धा मिळत नाही.

1981 साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हमरस्ता अडवला. गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. तो इतिहास आम्ही मुलांना सांगायचो. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांना मात्र आपल्या मजुरीसाठी वेगळी संघटना बांधावी लागली, हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं. तंबाखूला भाव आला म्हणून तंबाखूच्या धुळीत खोकणारीची मजुरी आपसूक वाढत नाही.

या बायकांपेक्षा जास्त कष्ट करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. कष्टाने गरिबी जात असती तर निपाणीत माड्या त्यांच्याच असत्या.

दारूमुळेच घरं बसतात, हे तरी खरं ना?

दारूने बसलेली घरं आहेत. एका मुलाची दप्तरासकट विकलेली पुस्तकं मी स्वतः परत आणली आहेत, त्यामुळे दारूची बाजू घेणार नाही. पण दारू श्रीमंत घरांतही आहे, तिथे ती घर लगेच बसवत नाही. पिणाऱ्या बागायतदाराच्या मुलाची फी भरली जाते. पिणाऱ्या हमालाच्या मुलाची राहते. व्यसन तेच, पण त्याची किंमत गरीब घरात बायको आणि मुलं मोजतात. शिवाय दिवसभर पोती वाहून अंग ठणकत असताना झोप लागावी म्हणून सुरू झालेली दारूही असते. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे बाहेरून सांगता येत नाही.

मुलं जास्त म्हणून गरिबी, असं म्हणतात.

जुनी समजूत आहे, आता आकड्यांत बसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) कर्नाटकात एका बाईमागे सरासरी 1.7 मुलं आहेत, म्हणजे दोनहून कमी. माझ्या पहिल्या शाळेत एका घरातली चार-चार भावंडं असायची, शेवटच्या शाळेत बहुतेक घरांत दोन. मुलं कमी झाली, त्या मानाने गरिबी कमी झाली नाही. त्याच पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची सुमारे 35 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी, म्हणजे दीर्घकाळ पुरेसं पोषण न मिळालेली आढळली. खाणारी तोंडं कमी असूनही ताटात पुरेसं नाही.

एका घरात गरिबी सगळ्यांना सारखीच असते ना?

नाही. घराचं उत्पन्न मोजणारे दारातून परत जातात, चुलीपर्यंत येत नाहीत.

एक गोष्ट सांगते, ती मला अजून खुपते. चौथीतली एक मुलगी, गणितात तल्लख, दर महिन्यात ठरावीक दिवशी गैरहजर. दोन-तीन महिने बघितल्यावर मी आईला बोलावून चांगलंच सुनावलं, शाळा महत्त्वाची की घरकाम? आई काही बोलली नाही. तिने नुसता उजव्या हाताचा अंगठा माझ्यापुढे धरला. वर्षानुवर्षं पान आणि दोरा फिरवून त्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या, कागदासारखा गुळगुळीत. "बाई, मशीनवर अंगठाच लागंना झालाय," ती म्हणाली. नवरा गोव्याला कामावर, कार्डात दुसरं नाव मुलीचं. रेशन द्यायच्या दिवशी मशीनवर अंगठा द्यायला मुलीला नेल्याशिवाय तांदूळ मिळत नव्हते.

एका घरची एकच गरिबी. आईचे हात गेले, मुलीची शाळा बुडत होती. बाप आणि धाकटा मुलगा त्यातून सुटले होते. कोणी दुष्ट नव्हतं. मुलाला न पाठवता मुलीलाच का पाठवलं, हा विचारही कोणाच्या मनात आला नव्हता.

आणखीही आहे. शेवटी जेवणारी बाईच. मटण असेल त्या दिवशी तिच्या वाट्याला रस्सा. पाणी, सरपण, म्हाताऱ्यांची उस्तवार या कामांना मजुरी नाही, म्हणून ती "घरीच असते". नवरा वारला की उताऱ्यावर नाव लावून घेण्यासाठी दिराच्या तोंडाकडे बघायचं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्यावर, म्हणजे त्यांना देवदासी करण्यावर, 1982 च्या कायद्याने बंदी आली. पण त्याआधी सोडलेल्या बायका आता म्हाताऱ्या होत आहेत, आणि त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षं अर्जावर बापाच्या नावाची रिकामी जागा भरावी लागायची. त्या रकान्यापाशी थबकलेला हात मी पाहिला आहे.

आता जात कुठे राहिली? गरिबाची जात गरीबच.

असं म्हणणाऱ्याला मी विचारते, तुमच्या गावात दलितवस्ती कुठल्या बाजूला आहे? उत्तर बहुतेक वेळा ओढ्याकडेचं, सखल भागातलं, किंवा गावाच्या शेवटच्या टोकाचं येतं. पूर आला की आधी पाणी तिथे. नळाची लाईन शेवटी तिथे. गरीब मराठा किंवा लिंगायत शेतकरी आणि गरीब दलित मजूर, दोघेही गरीबच. पण पहिल्याला दुकानदार उधार देतो, सोसायटीत एखादा नातेवाईक असतो, लग्नात भावकी धावून येते. दुसऱ्याची सगळी भावकीच त्याच्यासारखी मोकळ्या हाताची. शहरात भाड्याने खोली शोधतानाही आडनाव विचारतातच.

एकाच जिल्ह्यात भागाभागांत एवढा फरक का?

बेळगाव जिल्हा मोठा आहे आणि त्याचं हवामानसुद्धा एक नाही. पश्चिमेला कणकुंबी, आमगावकडे राज्यातला सर्वांत जास्त म्हणावा असा पाऊस. पूर्वेला अथणीच्या काही भागात पिण्याच्या पाण्याचे वांधे. मध्ये कृष्णाकाठ, उसाने हिरवागार, पण ऑगस्ट 2019 सारखा पूर आला की घरंच वाहून जातात.

खानापूरच्या भीमगड अभयारण्यात आणि त्याच्या कडेने वसलेल्या वाड्यांवर पावसाळ्यात नाले भरले की रस्ता तुटतो. माझ्या पहिल्या शाळेच्या गावात पोटदुखीने तळमळणाऱ्या एका म्हातारीला बांबूला घोंगडं बांधून, झोळी करून चार माणसांनी चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. तिथल्या लोकांकडे थोडी जमीन होती, दूधदुभतं होतं. कागदावर ते विडी कामगारापेक्षा बरे. पण जून ते सप्टेंबर आजारी पडायची त्यांना सोय नव्हती.

पुराचंही तसंच. पाणी सगळ्यांच्या घरात शिरतं, उतरल्यावर मात्र वाटा वेगळ्या होतात. ज्याच्या नावावर घराचा उतारा आहे त्याचा पंचनामा लवकर होतो. दुसऱ्याच्या जागेत खोप घालून राहिलेल्याने आपलं घर होतं हे कशावरून सिद्ध करायचं?

आपण मराठी म्हणून मागे राहिलो का? सीमाप्रश्न सुटला की गरिबी सुटेल?

हा प्रश्न आपल्या भागात विचारल्याशिवाय राहत नाही. मला जे दिसतं ते प्रामाणिकपणे लिहिते, कोणाला आवडो न आवडो.

भाषेचा फटका बसतो, हे खरं. नोटीस कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये, नाडकचेरीतला, म्हणजे महसूल कार्यालयातला, बोर्ड कन्नडमध्ये. शिकलेला मराठी माणूस कोणाकडून तरी वाचून घेतो. म्हातारी मात्र अंगठा करून मोकळी होते, आणि कशावर अंगठा केला ते तिला नंतर कळतं. वनखात्याची किंवा भूसंपादनाची नोटीस असेल तर उशिरा कळण्याची किंमत मोठी असते. 15 टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्य असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे देशपातळीवर ठरलेलं आहे, आणि ते पाळलं जात नसेल तर मागणी केलीच पाहिजे. घटनेच्या 350 व्या कलमाने राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिला आहे. मराठीत अर्ज लिहिणं ही कोणाची मेहरबानी नव्हे.

पण गरिबीचं सगळं ओझं भाषेवर टाकणं मला पटत नाही. बेळगावात वडगाव, खासबागेच्या गल्ल्यांत जा. भिंतीला भिंत लागून मराठी विणकर आणि कन्नड विणकर. दोघांच्या मागांचा खडखड एकच. सुताचा दर, साडीला मागणी, मजुरी, सगळं दोघांना सारखं. 2020 च्या टाळेबंदीत दोघांचेही माग थांबले आणि दोघांच्याही घरात भांडी गहाण पडली. डी. एम. नंजुंडप्पा समितीने 2002 साली अहवाल दिला तेव्हा राज्यातल्या 175 पैकी 114 तालुके मागास ठरवले, आणि उत्तर कर्नाटकाचं दुखणं त्यात ठळक दिसतं. ते कन्नड भाषकांचंही दुखणं आहे. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल काहीही लागो, त्या विधवेचं शेकडा पाचचं व्याज कुठल्याही राज्यात महिन्याला पाचशेच होणार.

गरिबांना पैशाचा हिशेब कळत नाही, हातात आला की उडवतात. असं नाही का?

2013 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तुम्हाला जवळचा वाटेल, कारण तो ऊस उत्पादकांचा आहे. तामिळनाडूतल्या 464 शेतकऱ्यांची साधी बुद्धिचाचणी दोनदा घेतली. एकदा तोडणीआधी, हात आखडता असताना. पुन्हा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. माणसं तीच. तोडणीआधी त्यांचे गुण स्पष्टपणे कमी आले. पैशाच्या विवंचनेतच डोकं एवढं गुंतलेलं असतं की बाकी विचाराला ते कमी पडतं.

आपल्याकडे कारखान्याचं बिल लांबलं की काय होतं ते आठवा. खतवाल्याचे फोन, सोसायटीची तारीख, मुलीचं ठरलेलं लग्न. त्या दिवसांत माणूस चुकीच्या कागदावर सही करतो, गाडीची किल्ली विसरतो, पोरांवर खेकसतो. तोच माणूस बिल जमा झाल्यावर शहाण्यासारखा वागतो. अक्कल गेली नव्हती, गुंतून पडली होती. ज्यांचं बिल कधीच जमा होत नाही, त्या मजुरांचं वर्षभर असंच चालतं.

आणि हिशेब म्हणाल तर विडी वळणारी बाई तेलाची पुडी, चहापत्ती, भाडं, भिशी असा आठवड्याचा मेळ ज्या बारकाईने घालते, तो मला पगारावरही जमला नसता.

मग लोक फायनान्स कंपन्यांची एवढी कर्जं का काढतात?

कारण बँक दारात येत नाही, आणि फायनान्सवाला येतो. दहा बायकांचा संघ करायचा, एकीने थकवलं तर बाकीच्यांनी भरायचं. सुरुवातीला हे सावकारापेक्षा पुष्कळ बरं होतं, हेही सांगायला हवं. पण एका संघाचा हप्ता भरायला दुसऱ्या संघाचं कर्ज, त्यासाठी तिसऱ्याचं, असं सुरू झालं की बाई हप्त्याच्या दिवशी दाराला कुलूप लावून शेतात जाऊन बसते.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी छळ करण्याविरुद्ध कर्नाटक सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये वटहुकूम काढला. तेव्हा घरासमोर बसून राहणं, शिवीगाळ, वस्तू उचलून नेणं हे निमूट सोसू नका. पोलिसांत तक्रार करता येते. एकटीने जाऊ नका, संघातल्या चौघींनी मिळून जा.

शाळा फुकट, पुस्तकं फुकट, जेवण फुकट. तरी मुलं का सुटतात?

2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे. फी नाही हे खरं, पण मुलाने शाळेत बसायचं म्हणजे त्या दिवशीची त्याची मजुरी बुडते, आणि ती कोणी भरून देत नाही. मुली सातवी-आठवीनंतर सुटतात. हायस्कूल दुसऱ्या गावात, बस एकच, ती चुकली की अंधारातून चालत यायचं. आईबाप भितात, आणि त्यांची भीती खोटी नसते.

दवाखान्याचं कार्ड आहे की. मग आजाराने घर का बसतं?

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि त्याने जीव वाचले आहेत. कार्ड बिल भरतं. सोबत राहिलेल्या माणसाचा बुडालेला रोज, डबा, गाडीभाडं, बाहेरून आणायला सांगितलेली औषधं, घरी परतल्यावर तीन महिने न पेलणारं काम, हे सगळं कार्डाबाहेर राहतं.

फुकट योजनांनी लोक आळशी होत आहेत. मजूरच मिळत नाहीत.

बागायतदारांची ही तक्रार मी रोज ऐकते. मजूर मिळत नाही म्हणजे जुन्या मजुरीला मिळत नाही, असंही असतं. उद्योग खात्रीचा, म्हणजे रोजगार हमीचा, दर 2025-26 साली रोजचा 370 रुपये होता. बाईला शेतात त्याहून कमी देणाऱ्याकडे ती का जाईल? तलावातला गाळ उपसणं, चर खणणं हे आळशाचं काम नव्हे. एकदा मे महिन्यात उभं राहून बघा.

राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार ऑगस्ट 2023 पासून कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर येऊ लागले. माझ्याकडे येणाऱ्या बायका त्यांचं काय करतात? भिशी, गॅस, मुलाची फी, आणि एकीने अठरा वर्षांनी स्वतःच्या डोळ्यांचा चष्मा केला. चष्मा आल्यावर तिच्या विड्यांची छाट कमी झाली. जून 2023 पासून सरकारी बस बायकांना मोफत झाली, तेव्हापासून खेड्यातल्या बायका शहरात घरकामाला, भाजी विकायला जाऊ लागल्या. ज्यांना ती आयतं खाण्याची सवय वाटते त्यांनी सकाळी सहाच्या बसमध्ये चढून बघावं, कोण बसलेलं असतं ते.

योजना हप्ते चुकवतात, नावं गळतात, त्यावर टीका जरूर करा. मीही करते.

गाव सोडलं, गोव्याला गेलं की सुटतं का?

काही सुटतात. चोर्ला घाटातून रोज जाणारी माणसं घरी पैसा पाठवतात म्हणून खानापूरच्या कितीतरी घरांवर स्लॅब पडला. पण बांधकामावर पाय मोडला की माणूस परत येतो तो गावातच, आणि तेव्हा ना तिथला ठेकेदार ओळख देतो ना इथल्या यादीत नाव सापडतं.

माझ्या ओळखीच्या बाईचा अंगठा मशीनवर लागत नाही. काय करू?

अंगठा लागत नाही म्हणून रेशन नाकारायचं नाही, हे केंद्राने 2017 सालीच राज्यांना कळवलेलं आहे. दुकानदार तयार नसेल तर आधी दुसरी बोटं लावून बघायला सांगा. सगळ्या बोटांच्या रेषा सारख्या झिजत नाहीत. अंगठी घालायच्या बोटाने काम झालेलं मी पाहिलं आहे. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागता येतो का विचारा. नंबर जुना असेल तर आधार केंद्रात जाऊन आधी तो बदला आणि बोटांचे ठसेही नव्याने द्या. तरीही नाही झालं तर तहसीलदारांच्या अन्न विभागात लेखी अर्ज द्या, मराठीत लिहिला तरी चालेल, पोच मात्र घ्या.

त्या मुलीच्या आईबरोबर मी स्वतः आधार केंद्रात गेले होते. दोन खेपा झाल्या, तिच्या दोन दिवसांच्या विड्या बुडाल्या, त्याची भरपाई कुठून झाली नाही. तिसऱ्या महिन्यात डाव्या हाताची करंगळी लागली. त्या महिन्यात रेशनच्या दिवशी मुलगी वर्गात होती, आणि मी हजेरी घेताना तिचं नाव दोनदा घेतलं.